दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पमधून तीन-चार हाय-गेन आवाज कसे काढायचे?

प्रश्न असा आहे: अ‍ॅम्प ट्यूबचा, दोन चॅनेलचा. एक क्लीन, एक लीड. बँडमध्ये मात्र डिस्टॉर्शनचे किमान तीन आवाज लागतात. मोकळा क्रंच, पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवणं) करताना आवळलेला राहणारा हेवी रिदम, आणि सोलोला सगळ्यांच्या वर येणारा लीड. क्लीन चॅनेलही हातचा सोडायचा नाही. मग तीन-चार चॅनेलचा नवा अ‍ॅम्प घेण्यावाचून गत्यंतर नाही का?

आहे. आणि बऱ्याचदा नव्या अ‍ॅम्पपेक्षा तेच बरं पडतं. चार चॅनेलचे अ‍ॅम्प बाळगणारे कितीतरी गिटारिस्ट प्रत्यक्षात दोनच चॅनेल वापरतात आणि उरलेले नॉब धूळ खातात.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लीड चॅनेलमध्ये सिग्नल एकामागून एक ट्यूबच्या टप्प्यांतून जातो आणि वाटेत त्याची टोकं कापली जातात. हे कापणं होण्याआधी सिग्नल मोठा केलात तर आवाज फारसा मोठा होत नाही. कापाकापी वाढते, म्हणजे सस्टेन वाढतो, हार्मॉनिक्स वाढतात, हलक्या आणि जोरकस पिकिंगमधला फरक पुसला जातो. तीच वाढ कापून झाल्यावर, म्हणजे इफेक्ट्स लूपमध्ये (आवाज घडवणारा प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकर हलवणारा पॉवर अ‍ॅम्प यांच्यामधली जोडणी; सेंडमधून सिग्नल बाहेर येतो, रिटर्नमधून परत आत जातो) दिलीत तर गेन, म्हणजे ही कापाकापी, होता तेवढाच राहतो आणि आवाज मोठा होतो. इक्वलायझरचंही तसंच. बास आधी कमी केला तर डिस्टॉर्शनचा पोतच बदलतो, नंतर कमी केला तर पोत तोच राहून वजन तेवढं घटतं. ‘बूस्ट घेतला, पण सोलो वर येतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्याचा बूस्ट बहुधा अ‍ॅम्पच्या इनपुटला लावलेला असतो आणि लीड चॅनेल आधीच गेनने तुडुंब भरलेला असतो. तिथे आणखी ओतून काय होणार?

म्हणून पेडल विकत घेण्याआधी लीड चॅनेलचा गेन नॉब खाली आणा. हा चॅनेल तुमच्या सगळ्यात जड आवाजासाठी लावायचा नाही, मधल्या आवाजासाठी लावायचा. तिथून वर जायला पेडल आहे, खाली यायलाही उपाय आहेत. गेन ९ वर ठेवला तर वर जायला जागाच नाही आणि खाली यायचं म्हटलं तर इतकं खाली यावं लागतं की आवाज मेल्यासारखा होतो. नॉबवरच्या आकड्याकडे बघू नका, प्रत्येक अ‍ॅम्पचा नॉब वेगळा वागतो. सहाही तारांचा कॉर्ड मारा. त्यातले सूर सुटे ओळखू आले पाहिजेत, आणि त्याच कॉर्डवर हात जोरात पडला की आवाजाला दात फुटले पाहिजेत. तिथे थांबा. खोलीत एकट्याने वाजवताना हा गेन कमीच वाटेल, वाटू द्या.

आणि हे सगळं बँडच्या आवाजात करा. हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, त्यामुळे घरी मिड कमी केलेला आवाज मस्त भरदार वाटतो. ड्रम्स आणि बेस सुरू झाले की तोच आवाज कुठे गेला ते शोधावं लागतं.

वर जाताना: इनपुटला ओव्हरड्राइव्ह

मधल्या आवाजावरून हेवी रिदमला जायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह: ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर. मेटलवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण का चालतं हे कळलं तर ते हवं तसं वाकवता येतं, म्हणून जरा आत डोकावू.

या पेडलच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी असते. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या वरचा भाग पूर्ण वाढवला जातो, आणि जसजसे खाली जाल तसतशी वाढ घटत जाऊन बास जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो. स्टँडर्ड ट्यूनिंगमधली जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते, सात तारांच्या गिटारची बी सुमारे ६२ला. हा जाडसर भाग अ‍ॅम्पच्या पहिल्या ट्यूबवर जोरात आदळला की गिचका होतो, पाम म्यूट फुसफुसतो. ओव्हरड्राइव्हमुळे मिड पुढे येतात आणि बास तुलनेने मागे राहतो, म्हणून आवाज आवळला जातो. गेन वाढतो हा भाग दुय्यम आहे. बास नंतर अ‍ॅम्पच्या रेझोनन्स (पॉवर अ‍ॅम्पचा बास वाढवणाऱ्या) नॉबने किंवा लूपमधल्या इक्वलायझरने परत घाला. डिस्टॉर्शनच्या आधी बास काढायचा आणि नंतर भरायचा, हेवी आवाजाची गोम इथेच आहे.

दुसरी गंमत अशी की ड्राइव्ह शून्यावर असला तरी हे पेडल क्लीन बूस्ट नसतं. त्या परिपथात कमीत कमी वाढसुद्धा साधारण १२ पट असते, त्यामुळे गरम, म्हणजे जोरदार सिग्नल देणारे पिकअप असतील तर पेडलमधले डायोडही थोडं कापतातच. त्यानेच पिकचा टोकदारपणा जरा गोल होतो. तो नको असेल, पिकिंगचा प्रत्येक ओरखडा हवा असेल, तर क्लीन बूस्ट लावा आणि त्याच्याआधी इक्वलायझरने बास छाटा. बॉस एसडी-१ हेच काम थोड्या वेगळ्या वळणाने करतं, त्याचं क्लिपिंग दोन्ही बाजूंना सारखं नसतं. मला विचाराल तर लो ट्यूनिंगला ट्यूब स्क्रीमर आणि जुन्या रॉकच्या सोलोला एसडी-१, पण यावर भांडणारे पुष्कळ भेटतील.

ही युक्ती काही नवी नाही. ब्लॅक सबाथच्या टोनी आयॉमींनी सुरुवातीच्या काळात डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर लेनी अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडून तो जड आवाज काढला होता. त्या अ‍ॅम्पवर चॅनेल बदलायची सोय कुठली असणार?

वाह पेडल असेल तर ते अर्धवट दाबून तसंच ठेवून बघा. ठरावीक जागी थांबलेला वाह म्हणजे एक अरुंद मिड बूस्टच असतो आणि लीड चॅनेलपुढे तो एक निराळाच, नाकातला सोलो आवाज देतो. रोजचा नव्हे, पण एखाद्या गाण्यात फार शोभतो.

खाली येताना: क्रंच

इथे बहुतेक जण हात आखडतात, कारण गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. दोष अ‍ॅम्पचा नसतो. ५०० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूम नॉबखालचा फिरता रेझिस्टर) सिग्नल निम्मा होईपर्यंत फिरवला की गिटारचा आउटपुट इम्पिडन्स सव्वाशे किलोओहमपर्यंत चढतो. सहा मीटरच्या केबलची कपॅसिटन्स साधारण ६०० पिकोफॅरड धरली, तर दोन्ही मिळून सुमारे २ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळायला लागतो. उपाय सोपा आहे. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायाच्या दरम्यान १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडून घ्या. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात, सोल्डरिंग येणारा कुणीही ते करून देईल. मग व्हॉल्यूम ६ वर आणला तरी तारेची किणकिण शाबूत राहते आणि लीड चॅनेल सरळ क्रंचवर येतो. क्वीनचे ब्रायन मे ट्रेबल बूस्टर चालू ठेवून गिटारच्या व्हॉल्यूमनेच क्लीन आणि डिस्टॉर्शन यांच्यात ये-जा करतात, तेव्हा ही पद्धत कामचलाऊ समजू नका.

प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम असलेली गिटार असेल तर आणखी सोपं. ब्रिजचा व्हॉल्यूम १० वर, नेकचा ५ वर. पिकअपचा खटका मारला की हेवी रिदमवरून मऊ क्रंचवर. पेडलला पायही लावायचा नाही.

गिटारला हात लावायचा नसेल तर माझा आवडता उपाय सांगतो, तो फार कमी जण वापरताना दिसतात. बॉस जीई-७सारखा इक्वलायझर अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा आणि त्याची लेव्हलची पट्टी वर नेण्याऐवजी खाली ओढा. या पेडलची प्रत्येक पट्टी १५ डेसिबल वर-खाली जाते. लेव्हल उणे ८ ते उणे १०, १०० हर्ट्झची पट्टी अजून थोडी खाली, ३.२ किलोहर्ट्झ किंचित वर. पेडल दाबलं की लीड चॅनेल क्रंच होतो. पेडलच्या आत बफर (आउटपुट इम्पिडन्स खाली आणणारा टप्पा) असल्यामुळे मघाचा ट्रेबल गळण्याचा प्रश्नही येत नाही. आवाज पडतोय असं वाटेल, पण तो फारसा पडत नाही, कारण आधीचा सिग्नल दाबला जाऊनच येत होता. जो फरक उरेल तो तसाच राहू द्या. क्रंच रिदम थोडा खाली असलेलाच बरा, गायकाला जागा मिळते.

सोलो वर आणायचा तर लूप

सोलोला दोन गोष्टी लागतात, थोडा जास्त सस्टेन आणि जास्त आवाज. सस्टेन इनपुटच्या ओव्हरड्राइव्हने मिळतो. आवाज लूपमधूनच मिळणार. लूपमध्ये इक्वलायझर किंवा साधा बूस्ट ठेवा आणि ३ ते ५ डेसिबल वाढवा. इक्वलायझर असेल तर ८०० हर्ट्झ ४ डेसिबल वर, १.६ किलोहर्ट्झ २-३ वर, १०० हर्ट्झ जरा खाली. १०० हर्ट्झच्या आसपास बेस गिटार आणि किक ड्रम आधीच ठाण मांडून बसलेले असतात, तिथे भांडण्यात अर्थ नाही. ६.४ किलोहर्ट्झची पट्टी वर नेऊ नका, हिस्सशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

हे करूनही आवाज वाढला नाही तर दोन शक्यता तपासा. पहिली, पॉवर अ‍ॅम्पला आता जागाच नाही. ३ डेसिबल वाढ म्हणजे दुप्पट पॉवर. ५० वॉटचा अ‍ॅम्प रिदमलाच ३५-४० वॉट ओढत असेल तर सोलोसाठी तो आणणार कुठून? अशा वेळी सगळा हिशेब उलटा मांडा. मास्टर सोलोच्या आवाजाला लावा आणि रिदमला लूपमधल्या पेडलने ४ डेसिबल खाली उतरवा. दुसरी शक्यता, लूप पॅरलल प्रकारचा आहे. त्यात मूळ सिग्नल शेजारून तसाच जात राहतो, म्हणून इक्वलायझरचा परिणाम अर्धामुर्धाच दिसतो. मिक्सचा नॉब १०० टक्क्यांवर न्या, किंवा अ‍ॅम्पवर सिरीजचा खटका असेल तर तो वापरा. लूपची लेव्हल बदलायचं बटण असेल तर पेडलसाठी उणे १० निवडा. अधिक ४ ही लेव्हल रॅकच्या उपकरणांसाठी असते, ९ व्होल्टवर चालणारं पेडल तिथे कुरकुरू शकतं.

काही अ‍ॅम्पना फूटस्विचवर दुसरा मास्टर व्हॉल्यूम असतो. तुमच्या अ‍ॅम्पला तो असेल तर वरचे दोन परिच्छेद विसरा. (सोलो सुरू झाला की ड्रमरही आपोआप जोरात वाजवतो, त्याला मात्र पेडल नाही.)

क्लीन चॅनेलमधून हाय-गेन

क्लीन चॅनेलपुढे एखादं डिस्टॉर्शन पेडल लावलं की तिसरा चॅनेल तयार, असं सांगणारे खूप असतात. खरं आहे, पण एक अट आहे. अनेक दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही चॅनेलना बास-मिड-ट्रेबलचा एकच संच असतो. १९८७चा सोल्डानो एसएलओ-१०० आणि १९९२चा पीव्ही ५१५० हे दोन गाजलेले अ‍ॅम्प असेच आहेत. तिथे नॉब लीड चॅनेलला जुळवले की क्लीनला पदरी पडेल ते पवित्र मानून घ्यावं लागतं, आणि पेडल त्या क्लीनवर बसतं. त्यामुळे पेडलचा टोन नॉब सोसेल इतका फिरणारा हवा. प्रोको रॅट यात उजवं ठरतं, कारण त्याचा फिल्टर नॉब लांबवर पोचतो. फक्त तो उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो, हे ध्यानात ठेवा. अ‍ॅम्पचं लीड आवळलेलं आणि रॅटचं भगभगीत, असा खरा फरक मिळाला तरच पेडलला जागा द्या. लीड चॅनेलसारखाच आवाज पेडलमधून काढायची धडपड म्हणजे नुसती मेहनत वाया.

याहून मोकळा मार्ग म्हणजे प्रीअ‍ॅम्प पेडल थेट लूपच्या रिटर्नमध्ये लावणं. यात अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प पूर्ण बाजूला होतो आणि फक्त पॉवर अ‍ॅम्प व स्पीकर वापरले जातात. कुठला प्रीअ‍ॅम्प ऐकू यायचा ते निवडायला लूप स्विचर लागतो. सेंड-रिटर्न असलेला मल्टिइफेक्ट्स असेल तर चार केबलची जोडणी करा: गिटार युनिटच्या इनपुटला, युनिटचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड युनिटच्या रिटर्नला, युनिटचा आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. मग एकाच प्रीसेटमध्ये अ‍ॅम्पचा लीड चॅनेल आणि दुसऱ्यात युनिटमधला प्रीअ‍ॅम्प, दोन्ही त्याच स्पीकरमधून.

चार केबल लागल्या की गुणगुण येण्याची शक्यता वाढते, कारण अर्थचा फेरा तयार होतो. सगळं एकाच सॉकेटवरून चालवा, पेडलना आयसोलेटेड पॉवर सप्लाय द्या, तरी राहिली तर लूपच्या एका केबलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. गुणगुण थांबेलही, पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तारांमधून तुमच्या हातात येईल.

ट्यूब बदलून गेन कमी-जास्त करण्याबद्दलही विचारलं जातं. १२एएक्स७चा गेन फॅक्टर १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०. पहिल्या सॉकेटमध्ये ५७५१ बसवली तर लीड चॅनेल जरा सैल, बोलका होतो आणि व्हॉल्यूम नॉबला चांगली दाद देतो. प्रीअ‍ॅम्प ट्यूबला बायसिंग (ट्यूबचा करंट जुळवून घेणं) लागत नाही. अ‍ॅम्प बंद करून, थंड होऊ देऊन बदला. चासी मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. पण ट्यूब हा कायमचा बदल आहे, गाण्याच्या मध्ये दाबायचं बटण नव्हे. स्पीकरचंही तेच. आवाज बदलण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा, पण सगळे चॅनेल त्याच्याच तोंडून बोलणार.

पाय किती नाचवायचे?

क्लीनवरून सोलोवर जायचं तर चॅनेल, ओव्हरड्राइव्ह, लूपचा बूस्ट आणि डिले असे चार खटके एका मात्रेत मारावे लागतात. ते कुणालाच जमत नाही, जमलं तरी सोलोचा पहिला सूर हुकतो. प्रोग्रॅम करता येणारा लूप स्विचर इथे कामी येतो. एक खटका दाबला की पेडलही बदलतात आणि अ‍ॅम्पचा चॅनेलही. घेण्याआधी अ‍ॅम्पच्या फूटस्विचचं जॅक कसं चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच अ‍ॅम्पना दोन संपर्क जोडलेले किंवा तुटलेले एवढंच कळतं, काहींना मात्र क्षणभराचा दाब लागतो. दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. स्विचर परवडत नसेल तर आवाजांची संख्या कमी करा आणि क्रंच गिटारच्या व्हॉल्यूमवर सोपवा.

राहिला नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल. इनपुटला ओव्हरड्राइव्ह आणि वर लीड चॅनेल म्हटल्यावर सुरांच्या मधल्या जागेत फसफस येणारच. बॉस एनएस-२सारखा लूप असलेला गेट इथेही चार केबलने जोडा. गिटार गेटच्या इनपुटला, गेटचा सेंड ओव्हरड्राइव्हमधून अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पचा सेंड गेटच्या रिटर्नला, आणि गेटचा आउटपुट लूपच्या रिटर्नला. असं केलं की कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे गेट स्वच्छ गिटारच्या सिग्नलवरून ठरवतो. लीड चॅनेलची फसफस त्याला फसवू शकत नाही, आणि ओव्हरड्राइव्ह चालू असो वा बंद, थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट मिटतो ती) एकच चालतो. मात्र क्रंचसाठी गिटारचा व्हॉल्यूम कमी करत असाल तर गेटला मिळणारा सिग्नलही कमी होतो आणि तो सुरांची शेपटं कापायला लागतो. त्यावर उपाय म्हणून थ्रेशोल्ड व्हॉल्यूम ५ वर असतानाच लावून घ्या. नाहीतर मघाचा लेव्हल खाली ओढलेला इक्वलायझर वापरा आणि तो गेटच्या सेंडनंतर, ओव्हरड्राइव्हच्या आधी जोडा. तिथे गिटारचा पूर्ण सिग्नल आधी गेटपर्यंत पोचतो आणि कमी होणं त्यानंतर घडतं, त्यामुळे क्रंचमधले लांब कॉर्ड शेवटपर्यंत वाजतात.